चोवीस तासांचा फॉर्म

सकाळी सात

इंदूरच्या लालबागच्या फाटकातून आत शिरलं की पहिल्या फेरीत गुडघे, दुसऱ्या फेरीत मुलं-सुना आणि तिसऱ्या फेरीत भाडेकरू, असा आमच्या टोळक्याचा ठरलेला क्रम आहे. टोळक्यात बहुतेक निवृत्त, बहुतेक मराठी, आणि बहुतेकांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं दिलेला. लोकमान्य नगर, सुदामा नगर, उषा नगर, सगळीकडे तीच गोष्ट. मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, वरच्या खोल्या मोकळ्या पडल्या आणि तिथे विद्यार्थी आले.

आज विषय काढला तो बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. "आफ्रिकेचा मुलगा आहे. सज्जन वाटतो, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार आहे. पण फॉरेनर म्हटलं की पोलीस ठाण्याचं लफडं. कोण पडेल त्यात?"

"लफडं कसलं? एक फॉर्म आहे," मी म्हणालो. "तो राहायला आला की चोवीस तासांच्या आत भरायचा."

"आणि नाही भरला तर?"

"तुम्हाला नोटीस येईल तेव्हा येईल. त्याचा व्हिसा मात्र त्याआधी अडकेल."

"मग तो त्याचा प्रश्न झाला," असं म्हणून ते चौथ्या फेरीला लागले.

माझा सगळा धंदा या एका वाक्याभोवती फिरतो. परदेशी माणूस घरात राहायला आला हे कळवण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. मालकानं ती पाळली नाही तर पहिला फटका भाडेकरूला बसतो. ज्याच्या हातात कागद आहे त्याला घाई नाही, आणि ज्याला घाई आहे त्याच्या हातात कागद नाही. भाडं, डिपॉझिट, पाण्याची मोटर ही भांडणं नंतरची.

समोरचा राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्यानं उभा राहिला. त्याचं फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर घडवलेलं आहे. इंदूर संस्थानाच्या ज्या होळकरांचा हा वाडा, त्यांच्या घरातही परदेशी माणूस राहायला आलं होतंच. तुकोजीराव तिसरे यांनी गादी सोडल्यावर १९२८ साली बडवाह इथे अमेरिकेतल्या सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर यांच्याशी लग्न केलं आणि त्या शर्मिष्ठाबाई होळकर झाल्या. परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा कायदा इंग्रजांनी आणला तो १९३९ साली. त्यामुळे महाराजांवर फॉर्मसाठी रांगेत उभं राहायची वेळ आली नाही.

नऊ

महूनाक्याच्या अलीकडे माझं दुकान. बाहेर पाटी 'एमपी ऑनलाइन', आत दोन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. परीक्षेचे अर्ज, वीजबिल, समग्र आयडी, जातीचा दाखला, ई-स्टँपवर किरायानामा, अशी सगळी कामं इथे होतात. परदेशी विद्यार्थ्यांची कामं मी ठरवून घेतली नव्हती. देवी अहिल्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसर खंडवा रोडवर आहे. तिथे शिष्यवृत्तीवर आलेली परदेशी मुलं वसतिगृह सोडून खोल्या शोधत भंवरकुआँपासून इकडे अन्नपूर्णेपर्यंत येतात. एकाचं काम केलं, त्यानं चार मित्र पाठवले.

दुकान उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न येतो तो दोन कागदांच्या घोळाचा. आजही आला. सुदामा नगरचे एक मालक ऐटीत म्हणाले, "माझं सगळं झालंय. किरायेदाराची माहिती ठाण्यात दिली, पावती आहे."

ती पावती बरोबर आहे, पण ती वेगळ्या कामाची. भाडेकरू जबलपूरचा असो की जपानचा, त्याची माहिती पोलिसांना द्यावी असे आदेश इंदूरमध्ये वेळोवेळी निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्याची जागा कलम १६३ नं घेतली. हा झाला पहिला कागद. दुसरा फक्त परदेशी व्यक्तीसाठी आहे आणि लोक त्याला 'सी-फॉर्म' म्हणून ओळखतात. तो ठाण्यातल्या मुन्शीकडे द्यायचा नसतो. परदेशी नोंदणी अधिकाऱ्यासाठीच्या पोर्टलवर मालकाच्या नावानं खातं उघडून तो भरायचा असतो. एक केला म्हणून दुसरा माफ होत नाही.

याशिवाय तिसरी नोंद असते ती शिक्षणसंस्थेची. परदेशी विद्यार्थी दाखल झाला की कॉलेजनं तसं कळवायचं. पुष्कळ मालक याच नोंदीवर हवाला ठेवून बसतात की विद्यापीठानं कळवलंय ना, मग झालं. विद्यापीठानं कळवलं की मुलगा शिकतो कुठे. तो झोपतो कुठे हे कोण सांगणार?

साडेदहा

आजच्या दिवसाचं मुख्य काम दारात उभं राहिलं. पुढे लोकमान्य नगरच्या काकू आणि त्यांच्यामागे चार पावलांचं अंतर ठेवून त्यांचा भाडेकरू. तो इथिओपियाचा, पीएच.डी. करतो, उंच आणि हळू बोलणारा. काकूंना तो 'आंटी' म्हणतो, आणि त्या एरवी त्याला 'बेटा' म्हणतात. आज दोघंही एकमेकांना काहीच म्हणत नव्हते.

भांडण असं. मुलगा पावसाळ्यात वसतिगृह सोडून काकूंच्या वरच्या दोन खोल्यांत आला. अकरा महिन्यांचा किरायानामा झाला, डिपॉझिट दिलं, भाडं वेळेवर. आता व्हिसाची मुदत संपत आली म्हणून त्यानं वाढवून घेण्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. २०१८ पासून ही कामं घरबसल्या होतात. अर्जाला उत्तर आलं की तुमच्या नोंदीतला पत्ता वसतिगृहाचा आहे आणि अर्जातला पत्ता वेगळा, तरी सध्याच्या पत्त्याचा सी-फॉर्म जोडा. तो काकूंकडे गेला. काकूंनी भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, "मावशी, सही करू नकोस, घर पोलिसांच्या यादीत जाईल." मुलानं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि शेवटी म्हणाला की फॉर्म नाही तर या महिन्याचं भाडं नाही. त्यावर काकूंनी खोली खाली करायला सांगितलं.

"तूच सांग," काकू मला म्हणाल्या, "मी बाई माणूस एकटी राहते. उद्या हा काही करून बसला तर मला उचलतील."

"काकू, उद्या त्यानं काही केलं आणि फॉर्म नसला तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील की हा तुमच्याकडे राहतो हे का लपवलंत? फॉर्म भरला असेल तर तुम्ही कळवून मोकळ्या झालेल्या असता."

हे त्यांना पटलं, पण चेहरा सुटला नाही. थोडा वेळ पर्सच्या चेनशी खेळून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नगर निगमच्या संपत्तीकरात त्यांचं पूर्ण घर 'स्वतःच्या वापरात' म्हणून लिहिलेलं आहे. मध्य प्रदेशात मालक स्वतः राहत असलेल्या घराला या करात निम्मी सूट मिळते. वरच्या मजल्यावर भाडेकरू असल्याचं सरकारदरबारी एकदा चढलं की सूट जाईल, ही धास्ती.

माझ्याकडे येणाऱ्या भांडणांत पोलिसांची भीती वर असते आणि कराची भीती खाली. वरची समजूत घालून भागत नाही, खालचीला हात घालावा लागतो. मी सांगितलं, "सी-फॉर्म नगर निगमकडे जात नाही. पण स्टँपवर किरायानामा तुम्हीच केलात, तेव्हाच कागद झाला. कराच्या विवरणात वरचा मजला भाड्याचा दाखवा. खालच्याची सूट राहील, वरच्याची जाईल. हिशेब करून बघू, भाड्यापुढे ती रक्कम काय आहे ते."

तेवढ्यात मुलगा हिंदीत म्हणाला, "भैया, मुझे आंटी से झगड़ा नहीं करना. मुझे सिर्फ़ डेट चाहिए." त्याच्या अर्जाच्या उत्तराला मुदत होती. काकूंना आधारकार्ड, वीजबिल आणि रोज वापरतात तो मोबाईल घेऊन साडेचारला बोलावलं. मुलाला पासपोर्ट आणि व्हिसा. दोघं वेगवेगळ्या रिक्षांतून गेले.

साडेबारा

द्वारकापुरीचे एक सिंधी बाबा आले, सोबत नातू. बाबा पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेले, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. इंदूरमध्ये अशी पुष्कळ कुटुंबं आहेत. २३ डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांच्या नागरिकत्वाचे अधिकार ज्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले, त्यांत मध्य प्रदेशातले भोपाळ आणि इंदूर होते. महाराष्ट्रातले नागपूर, मुंबई, पुणे, ठाणेही होते. तेव्हापासून इथल्या कुटुंबांना भोपाळ-दिल्लीच्या वाऱ्या कमी झाल्या.

पण नागरिकत्व मिळेपर्यंत घर भाड्याचं आणि पत्ता मालकाच्या मर्जीचा. शहर तेच राहिलं, नुसती गल्ली बदलली, तरी नोंद बदलावी लागते. विद्यार्थ्याचा पत्ता चुकला तर एक वर्ष अडतं. यांचा चुकला तर इतक्या वर्षांच्या सलग वास्तव्यावरच प्रश्न उभा राहतो.

बाबांच्या मालकानं घर सोडायला सांगितलंय. कारण जुनंच. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाले, ती बातमी त्यानं वाचली. पाकिस्तानी हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा चालूच राहतील, हा परराष्ट्र मंत्रालयाचा खुलासा त्याच आठवड्यात आला होता, तो त्यानं वाचला नाही. मी तो छापून नातवाच्या हातात दिला. बाबा म्हणाले, "मालक भला आदमी आहे, त्याला फक्त भीती वाटते." नव्या घराच्या पत्त्याचा अर्ज तयार करून ठेवला. मालकाचं मन वळलं तर फाडून टाकू.

दीड

डबा. पोळी, तोंडल्याची भाजी आणि शेव, कारण इंदुरात शेवेशिवाय जेवण होत नाही. जेवताना नेहमीप्रमाणे शेजारचा स्टेशनरीवाला येऊन बसला. "एवढा कायदा हॉटेलवाल्यांसाठी असतो ना?" असं त्यानं विचारलं.

हा समज सगळ्यांचाच आहे. सी-फॉर्मचं मूळ १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात आणि १९९२ च्या नोंदणी नियमांत. पण १९४६ च्या कायद्यानंच व्याख्या ऐसपैस केली होती. मोबदला घेऊन राहायची किंवा झोपायची सोय जिथे होते, ती जागा सामानासकट असो की रिकामी, तिचा चालक जबाबदार. म्हणजे पंचतारांकित हॉटेलचा मॅनेजर आणि वरच्या दोन खोल्या देणाऱ्या आमच्या काकू एकाच ओळीत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्यानं एकत्र गुंडाळले. राहण्याची जागा देणाऱ्याची ही जबाबदारी मात्र त्यातही कायम आहे. हॉटेलात हे काम करायला काउंटरवर माणूस असतो. काकूंकडे भाचा आहे.

तीन

उन्हं तिरपी झाली की गर्दी ओसरते. उषा नगरचे एक काका मुलाची कागदपत्रं स्कॅन करायला आले. मुलगा जर्मनीत एम.एस. करायला गेलाय. खोली मिळाली, भाडं दिलं, आणि आता मालक तिथल्या पत्तानोंदणीसाठी लागणारा दाखला देत नाही.

"अहो, त्या कागदाशिवाय कर क्रमांक नाही, बँकेचं खातं अडतं, व्हिसाच्या कचेरीची वेळ मिळत नाही," काका तावातावानं सांगत होते. "आणि कायदा आहे म्हणे तिथे!"

आहे. १ नोव्हेंबर २०१५ पासून जर्मनीत घरमालकानं भाडेकरूला 'हा माझ्या घरी राहायला आला' असं लिहून देणं बंधनकारक आहे, आणि भाडेकरूनं दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करायची. कुणी कागदोपत्री पत्ता विकायला काढला तर पन्नास हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही पोटभाड्यानं खोली देणारे 'नोंदणी मिळणार नाही' असं जाहिरातीतच लिहितात. कारण मूळ मालकाला न विचारता खोली दिलेली असते किंवा भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नसतं. थायलंडमध्येही परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांत कळवायचं असतं, तिथला कायदा १९७९ चा. देश कोणताही घ्या, कागद मालकाच्या खिशात आणि मुदत भाडेकरूच्या डोक्यावर.

काकांना मी सुचवलं की मुलानं मालकाकडे दाखला ईमेलनं, तारखेसह मागावा, आणि मालक देत नसेल तर तसं नोंदणी कचेरीला आपणहून कळवावं. कायद्यानं त्याला तसं कळवायलाच सांगितलं आहे. काकांनी ते लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "आपल्याकडे बरं, असलं काही नसतं." मी पावती फाडून दिली.

साडेचार

काकू आल्या, मुलगाही आला. या वेळी दोघं एकाच बाकड्यावर बसले, मध्ये काकूंची पिशवी.

आधी काकूंच्या नावानं खातं. घराचा पूर्ण पत्ता, पिन कोड, मोबाईल, ईमेल. ईमेल भाच्याचा द्यायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. ज्याचं घर त्याचा ईमेल. उद्या काही विचारणा आली आणि ती भाच्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली तर पुन्हा हेच भांडण. नवा ईमेल काढला आणि पासवर्ड त्यांच्या डायरीत, दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानावर, त्यांच्याच अक्षरात लिहवून घेतला.

मग फॉर्म. फोटो, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, तो कुठे आणि कधी दिला, भारतात कोणत्या तारखेला उतरला, इथे येण्याआधी कुठे होता, किती दिवस राहणार, कशासाठी. दिसायला सोपं. गाडी अडते ती नावावर. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. किरायानामा करणाऱ्यानं पहिलं नाव घेऊन बाकीची सोडली होती. व्हिसावर तिन्ही आहेत. मी पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं टाकलं आणि किरायानाम्यासाठी दुरुस्तीचा मजकूर वेगळा छापला. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पोर्टलच्या दृष्टीनं ती दोन माणसं.

पुढचा रकाना घरात राहायला आल्याच्या तारखेचा. तिघंही गप्प झालो.

"कालची टाक ना," काकू म्हणाल्या. "म्हणजे चोवीस तासांत बसतं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ते चाललं असतं. पण ते करायचं नाही, आणि त्याला साधी कारणं आहेत. किरायानाम्याच्या स्टँपवर पावसाळ्यातली तारीख आहे. दर महिन्याचं भाडं त्यानं फोनवरून काकूंच्या खात्यात टाकलंय, तिथे तारखा आहेत. वसतिगृह सोडल्याची नोंद विद्यापीठात आहे. कालची तारीख टाकली तर मधले महिने तो कुठे होता याचं उत्तर तिघांपैकी कुणाकडे नाही. उशीर झाला तर दोष काकूंचा आणि तो विसरण्याचा. तारीख खोटी निघाली तर दोष दोघांचा आणि तो फसवण्याचा. उशिराला अर्ज करता येतो, खोट्याला करता येत नाही.

खरी तारीख टाकली. सोबत काकूंच्या सहीचं एक पत्र जोडलं. या नियमाची माहिती नव्हती, कळल्यावर लगेच फॉर्म भरत आहे, भाडेकरूबद्दल काही तक्रार नाही. शेवटचं वाक्य मी घातलं नव्हतं. काकूंनी पेन मागून घेतलं आणि स्वतः खाली लिहिलं. मुलाला मी ते हिंदीत सांगितलं. त्यानं फोन काढला आणि अडवून ठेवलेलं भाडं तिथल्या तिथे पाठवलं.

फॉर्म गेला, छापील प्रत निघाली. आता पोलीस आयुक्तालयातली परदेशी नोंदणी शाखा पाहील, काही विचारायचं असेल तर विचारेल, उशिराबद्दल काय ते ठरवेल. मुलाच्या अर्जाला प्रत जोडून उत्तर पाठवलं. मुदतीत बसलं.

सहा

एक दलाल आला. रोज चार खोल्या दाखवतो, चौघांकडून कमिशन घेतो. त्याला हवा होता 'नुसता कागद'. परदेशी मुलगी राहते मैत्रिणीकडे, ती मालकीण फॉर्म देत नाही, म्हणून दुसऱ्याच एका घराचा किरायानामा आणि त्याच पत्त्यावरून सी-फॉर्म. "घर रिकामं आहे, मालक तयार आहे, पाचशे तुझे."

अशा गिऱ्हाइकाला मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. तपासणीला माणूस त्या पत्त्यावर गेला आणि मुलगी तिथे नसली, तर दलालाचा फोन बंद असतो, मालक 'मला काही माहीत नाही' म्हणतो, आणि मुलीच्या पासपोर्टवर मात्र शिक्का बसतो. त्या मैत्रिणीच्या मालकिणीला घेऊन ये, काकूंना समजावलं तसं तिलाही समजावतो, असं सांगितलं. तो म्हणाला बघतो. म्हणजे आणणार नाही.

साडेसात

शटर अर्धं ओढलं आणि काकू पुन्हा हजर. मागे मुलगा. आता काय?

"मघाशी पैशांचं राहिलं," काकू म्हणाल्या. फॉर्म, छपाई, स्कॅन, पत्र मिळून दीडशे रुपये. हे कुणी द्यायचे यावर रस्त्यात दोघांचं पुन्हा वाजलं होतं. काकूंचं म्हणणं, व्हिसा त्याचा, गरज त्याची. मुलानं कुठूनतरी नियम वाचून ठेवला होता. जबाबदारी मालकाची, म्हणजे खर्चही मालकाचा.

कायद्यात दीडशे रुपयांचा उल्लेख नाही आणि किरायानाम्यात तर फॉर्मचाही नाही. वीज कुणाची, पाणी कुणाचं, भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, सगळं लिहिलेलं. ज्या कागदावाचून माणसाला देश सोडावा लागू शकतो तो कुणी, कधी आणि कुणाच्या पैशानं भरायचा, याची एक ओळ नाही. माझ्या संगणकातला नमुनाही वर्षानुवर्षं तसाच चालत आलेला.

शटर पुन्हा वर केलं आणि नमुन्यात कलम वाढवलं. भाडेकरू परदेशी असल्यास, किल्ली देण्याच्या दिवशी तो पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती देईल. मालक चोवीस तासांत फॉर्म भरून छापील प्रत भाडेकरूला देईल. भाडेकरू सोडून गेल्यावर मालक तसं कळवेल. खर्च दोघांत निम्मा-निम्मा. वाचून दाखवलं. मुलानं मान हलवली आणि पंचाहत्तर रुपये टेबलावर ठेवले.

काकूंनी चष्मा लावून कलम पुन्हा वाचलं. "निम्मा-निम्मा ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण संपत्तीकराची सूट जाईल त्याचं काय? तेही निम्मं घाल की."

"ते नाही घालता येत, काकू."

"मग पुढच्या करारात भाडं दोनशेनं वाढव," असं म्हणून त्यांनी पर्स उघडली.